टॉम रॉबिन्सन की जेफरसन?

भाची विचारत होती, वर्णद्वेषाचा बळी ठरलेल्या निरपराध माणसाची एकच कादंबरी वाचायची तर 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) की 'अ लेसन बिफोर डाइंग' (१९९३)?

गोष्ट कोण सांगतं? 'मॉकिंगबर्ड'मध्ये हार्पर ली अमेरिकेतल्या अलाबामातला बलात्काराचा खटला गोऱ्या मुलीच्या, स्काउटच्या नजरेतून दाखवतात. आरोपी टॉम रॉबिन्सन काळा, त्याचा डावा हात निकामी. फिर्यादी मुलीला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असणार. तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. पण टॉम स्वतः बोलतो तो जवळजवळ फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात. हे मला फार खुपतं.

अर्नेस्ट गेन्स यांच्या 'लेसन'मध्ये, लुइझियाना राज्यात, काळ्या जेफरसनवरचा खुनाचा खटला सुरुवातीलाच आटोपतो, देहदंड होतो. जेफरसनचा स्वतःचा वकील त्याला वाचवायला 'डुक्कर' म्हणतो, आणि पुढची सगळी कादंबरी त्या शब्दाचा घाव भरण्यात जाते. निवेदक काळा शिक्षक. शेवटाकडे जेफरसनची मोडक्यातोडक्या स्पेलिंगची वही येते. ती वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

इंग्रजी गेन्स यांचं जास्त साधं.

पुराव्यासमोरही न्याय कसा हरतो हे बघायचं असेल, किंवा वाचणारं शाळकरी असेल, तर ली. सोसणाऱ्याचा आवाज ऐकायचा असेल तर गेन्स. भाचीला मी गेन्स दिले.