पाणी उतरलेली करवत

दोन माणसांनी ओढायची जुनी करवत विकत घ्यायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी घेतलेली सध्या भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यासाठी दुसरं काही काम मला सुचलेलं नाही.

विक्रेता ऑनलाइन भेटला. बोलायला फार गोड आणि अभ्यासही दांडगा. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने राखलेल्या रानांमध्ये मोटरवर चालणारी करवत वापरायला बंदी आहे, म्हणून तिथे रानवाटांवर पडलेली झाडं आजही हातकरवतीने कापतात. जुन्या चांगल्या करवतीचं पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, त्यामुळे ते खाचेत अडकत नाही. हे सगळं त्याने मला रंगवून सांगितलं. पुढे पडताळलं तर त्यातला शब्दन् शब्द खरा निघाला. माहिती सगळी खरी होती, खोटी होती ती करवत.

फोटोत पात्यावर कारखान्याची कोरीव खूण दिसत होती. घरी आली त्या करवतीवर खूण नव्हती. विचारलं तर म्हणाला, "पॉलिश करताना गेली असेल." मी मान डोलावली, कारण ती इतकी चकचकीत होती की पात्यात तोंड दिसत होतं. त्याच संध्याकाळी मी त्याला पाच तारे देऊन टाकले. एक ओंडकाही कापून बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मित्राला दुसरी मूठ धरायला लावून सुरुवात केली. पहिल्या चार-पाच ओढींतच करवत उड्या मारायला लागली. मध्येच गच्च धरायची, मग सटकन सुटायची. आम्ही आपलं, ढकलू नकोस, नुसतं ओढ, असं एकमेकांना सांगत राहिलो. ते बरोबरच होतं (ढकललं की पातं वाकतं), पण दोष आमच्या हाताचा नव्हता. थोड्या वेळाने उड्याही थांबल्या आणि खाली बारीक पूड पडायला लागली. नीट धार लावलेल्या करवतीतून रंध्याच्या सालपटासारख्या लांब पट्ट्या निघायला हव्यात. पूड पडते म्हणजे करवत कापत नाही, घासते.

ओळखीच्या एका काकांनी जन्मभर करवती लावल्या आहेत. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि दोन दातांमधल्या खोबणीत नख घातलं. "इथे बघ." दातांच्या सपाट बाजू आरशासारख्या होत्या, पण खोबणीच्या तळाशी, जिथे पॉलिशचा कागद पोचत नाही तिथे, जांभळट निळी कड राहिली होती. "ग्राइंडरने तापवलेत रे. पाणी उतरलंय याचं." पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा; फार तापलं की तो जातो.

मग त्यांनी कानस लावली. काही दातांची टोकं खिळ्यासारखी मऊ, कानस खचकन आत जायची. त्याच्या शेजारच्याच दातावर मात्र ती काचेवरून घसरावी तशी घसरली. तो दात लाल होईपर्यंत तापून मागच्या थंड पात्यामुळे एकदम गार झाला होता, म्हणून ठिसूळ. फाकवून बघू म्हणून त्यांनी छोट्या ऐरणीवर हलकी हातोडी मारली, तर टक्कन टोक उडालं. काका काहीच बोलले नाहीत, तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

खरी लबाडी रेकरमध्ये होती. या करवतीला दोन जातींचे दात असतात. टोकदार दात तंतूंना दोन्ही कडांनी चिरतात आणि मधला दुहेरी टोकाचा रेकर ते चिरलेलं लाकूड पटाशीसारखं सोलून बाहेर काढतो. रेकर टोकदार दातांपेक्षा अगदी थोडा खाली हवा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कठीण लाकडाला त्याहूनही कमी. उंच राहिला तर चिरलेल्या भागाच्या खाली घुसून लाकूड उपटतो, म्हणूनच त्या उड्या. माझ्या करवतीवर या माणसाने सरळ चकती फिरवून सगळे दात एका रांगेत आणले होते आणि मग त्यांना पुन्हा टोकं काढली होती. फोटोत ती रांग फार सुंदर दिसते. कॅलिपर लावला तर पाठ आणि दातांकडची जाडी सारखीच. पॉलिशखाली गंजाचे खड्डे होते, तेही नेमके दातांच्या ओळीत, म्हणजे घासत गेलं की टोकाशीच खड्डा उघडा पडणार.

आता कोणाकडून घेणार असाल तर बाजूने काढलेल्या फोटोवर जाऊ नका. करवतीच्या एका टोकाला डोळा लावून दातांच्या ओळीवरून बघितल्यासारखा फोटो मागा. बाक असेल तर त्यातच दिसतो, बाजूने कधीच दिसत नाही. खोबण्यांचा जवळून फोटो मागा. एकच ओंडका पूर्ण कापतानाचा सलग व्हिडिओ मागा आणि शेवटी खाली पडलेला भुसा हातात घेऊन दाखवायला सांगा. मला दाखवला होता तो व्हिडिओ जेमतेम सहा ओढींचा होता. आणि रेकर किती खाली ठेवलाय हे विचारा. जो स्वतः कानस चालवतो तो लगेच आकडा सांगतो. मला उत्तर आलं होतं, "एकदम परफेक्ट आहे सर."

काकांनी मऊ झालेला भाग घासून काढायचा प्रयत्न केला. दात तीनेक मिलिमीटर खाली गेले, खोबण्या उथळ झाल्या, आता लाकडाची पूड मावायलाही जागा नाही. पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने मला एक चित्र पाठवलं. माझाच अभिप्राय होता तो. "अप्रतिम धार, अगदी नव्यासारखी!" खाली माझं नाव आणि पाच तारे. तो आता बदलता येत नाही, आणि त्याच्या पानावर सगळ्यात वर तोच दिसतो.