क्षयरोग आटोक्यात आणायला आधी काय: रुग्ण शोधणं की धूम्रपान सोडवणं?

लवकर परिणाम हवा असेल तर रुग्ण शोधून औषध सुरू करण्याला तोड नाही. फुफ्फुसाचा क्षय असलेला, औषध न घेणारा माणूस वर्षभरात 10 ते 15 जणांना संसर्ग देऊ शकतो. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच हे पसरणं ओसरतं. कोर्स मात्र सहसा 6 महिन्यांचा.

धूम्रपान सोडवणं हे संथ काम. पण धुरामुळे श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात, जंतू गिळणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि क्षयाचा धोका साधारण दुपटीने वाढतो. एचआयव्हीमुळे तो याहून कितीतरी जास्त वाढतो, हे खरं. तरी ओढणारे जगभरात जवळपास 100 कोटी आहेत. संपूर्ण लोकसंख्येचा हिशोब मांडला की ही ‘नुसती दुप्पट’ फार महागात पडते.

शिवाय पहिला मार्ग इथेच अडतो. 2 आठवडे खोकला टिकला तर थुंकी तपासायला हवी. ओढणारा म्हणतो, ‘सिगारेटचाच आहे.’ निदान लांबतं आणि तोवर घरात लागण. हाताशी माणसं कमी असतील तर मी आधी रुग्णच शोधायला लावीन, पण सिगारेटचा विषय औषधाच्या पहिल्याच दिवशी काढून.