सांगलीतली छोटी लॅब: इथे फक्त हिमोग्लोबिन बघत नाहीत

आमच्या लेकीचं हिमोग्लोबिन कॉलेजात असल्यापासून दहाच्या आसपास घुटमळतंय. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सगळं झालं. लोहाच्या गोळ्या चौदा महिने खाल्ल्या. पोट बिघडलं, आकडा काही हलला नाही. लग्न ठरलं म्हणून घराजवळच्या या लॅबमध्ये सी.बी.सी., म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला गेलो.

रक्त घेणारी ताई हलक्या हाताची. एका टोचण्यातच जांभळ्या झाकणाची नळी भरली आणि लगेच हळूहळू उलटीसुलटी केली. रक्तात गुठळी झाली तर आकडे चुकतात, म्हणाली.

संध्याकाळी रिपोर्टऐवजी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन. "काकू, जुने रिपोर्ट असतील तेवढे घेऊन या."

हिमोग्लोबिन १०.४. पण मॅडमनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ओळींवर. तांबड्या पेशी ५६ लाख, म्हणजे भरपूर. आणि एम.सी.व्ही., म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ६२. ते ८० च्या वर हवं. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात, पण सहसा संख्याही घटते आणि लहानमोठ्या पेशींची सरमिसळ दिसते, त्यामुळे आर.डी.डब्ल्यू., म्हणजे आकारांतल्या फरकाचा आकडा, वाढतो. हिच्या पेशी साऱ्या सारख्याच लहान. एम.सी.व्ही. ६२ ला तांबड्या पेशींच्या ५.६ ने (५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष) भागलं तर ११ आले. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाचा, संशय घ्यायचा. खात्री मात्र पुढच्या तपासणीनेच. मला मायक्रोस्कोपखाली स्लाइडही दाखवली: फिकट पेशी, काहींच्या मधोमध गडद ठिपका.

आधी फेरिटिन केलं, कारण लोह कमी असेल तर पुढच्या तपासणीतला आकडा फसवा कमी येऊ शकतो. फेरिटिन ६८, म्हणजे लोहाचा साठा ठीक. मग एच.पी.एल.सी., म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी: त्यातला एक प्रकार, हिमोग्लोबिन ए-टू, ५.४ टक्के. साडेतीनपर्यंत चालतं. म्हणजे थॅलेसेमिया मायनरच.

घरी येऊन जुनी फाईल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टात हेच आकडे होते. तांबड्या पेशी ५५ लाख, एम.सी.व्ही. ६३. खाली छापलेलं, 'लोहाची कमतरता असू शकते'. फार राग आला. माझ्या पोरीने चौदा महिने कशासाठी गोळ्या गिळल्या?

मायनर म्हणजे आजारपण नव्हे, ती नोकरी करते, गड चढते. पण नवराही मायनर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के, आणि मेजरच्या मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. मॅडमनी हे लेकीला समोर बसवून अर्धा तास समजावलं, वेगळे पैसे न घेता. जावईबापू दुसऱ्याच दिवशी स्वतःहून आले. त्यांचं ए-टू २.६.

सासूबाईंचं हिमोग्लोबिनही कमीच, पण त्यांचं एम.सी.व्ही. ११२ आणि पायांना मुंग्या. तिथे मॅडमनी बी-१२ तपासायला सांगितलं आणि तेच कमी निघालं. एकाच घरात दोन अगदी वेगळे ॲनिमिया!

उणिवा: बसायला चारच खुर्च्या, आणि एच.पी.एल.सी.चा नमुना पुण्याला जातो, तीन दिवस धरून चाला. सी.बी.सी.ला उपाशी जावं लागत नाही, संध्याकाळी गर्दी कमी असते.

शेवटी मॅडमनी माझंही रक्त घेतलं. ए-टू ५.१. दोन्ही बाळंतपणांत मला 'खातपीत नाहीस' म्हणून बोलणी बसली होती.