मनुष्यबळ अधिकाऱ्याचं नेतृत्व: ऑनलाइन कोर्स बरा की मुरलेला साहेब?

सरकारी दवाखान्यांचं मनुष्यबळ सांभाळणाऱ्या वरिष्ठांपुढे नेतृत्व शिकायच्या दोन वाटा: ऑनलाइन कोर्स किंवा मुरलेल्या साहेबाच्या हाताखाली शिकणं. 'मिशन कर्मयोगी', म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची केंद्राची योजना, २०२० मध्ये आलं. त्याचं आयगॉट हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल फुकट, रजा टाकायला नको, प्रमाणपत्रही मिळतं. सेवानियम, शिस्तभंगाची कारवाई शिकायला झकास.

पण बेळगावात खरी कसोटी वेगळीच. खानापूरकडची कंत्राटी नर्स गाऱ्हाणं मराठीत सांगते, आदेश कन्नडमध्ये निघतो, आणि कायम नर्सच्या शेजारी उभी राहून ती तेच काम कमी पगारात करत असते. तिला काय उत्तर द्यायचं, हे व्हिडिओ सांगत नाही. ते मुरलेल्या साहेबाशेजारी, संघटनेच्या बैठकीत बसूनच कळतं. फक्त तो साहेब 'बघू, करू' छापाचा नसावा (तसेही भेटतात!). माझं मत दुसऱ्या वाटेला. पोर्टल काय, रात्री जेवणानंतरही उरकता येतं.