कीटोन एस्टर: माल अस्सल, उपयोग शंकास्पद

ठाणे शहरात क्यूआरटीत (पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकात) आहे. जॅकेट-हेल्मेट चढवून पळायचं आणि धापा टाकतच गोळी झाडायची की नाही ते ठरवायचं, हा आमचा सराव. त्यात डोकं जास्त चालावं म्हणून नौपाड्यातल्या दुकानातून कीटोन एस्टरची ही बाटली आणली. कीटोन म्हणजे शरीर चरबीपासून बनवतं ते इंधन, आणि हे पेय रक्तातलं त्याचं प्रमाण वाढवतं. चव म्हणजे कडुनिंबात कालवलेलं नेलपॉलिश रिमूव्हर! अर्ध्या तासाने बोट टोचून स्ट्रिप लावली, रक्तातले कीटोन लिटरमागे 0.3 वरून 2.4 मिलिमोलवर. म्हणजे माल अस्सल. मेंदू हे इंधन वापरतो, तेही खरं. पण डोकं जास्त चाललं? मला तरी काडीचा फरक जाणवला नाही, पोटात मात्र ढवळून आलं. स्वस्तातल्या कीटोन सॉल्टमध्ये (याचाच क्षाररूपातला प्रकार) सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी जपून. दुकानदार भला, मोठा पॅक गळ्यात मारला नाही. दोन स्टार, तेही त्यालाच.