नेफ्रोटिक सिंड्रोमच्या लेकराला न्यूमोनियाची कोणती लस: पीसीव्ही की २३ प्रकारांची?

नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात लघवीवाटे प्रथिनं जातात, त्यांच्याबरोबर जंतूंशी लढणाऱ्या आयजीजी अँटिबॉडीही. म्हणून सूज चढलेल्या लेकराला न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जंतू गाठतो, अगदी पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत. ताप आणि पोटदुखी एकत्र आली, की धुळे-जळगावच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जा.

पीसीव्ही म्हणजे न्यूमोकॉकल कॉन्ज्युगेट लस. तिच्यात जंतूचं कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं. त्यामुळे टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) मदतीला येतात, जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात, आणि अँटिबॉडी वाहून गेल्या तरी शरीर त्या पुन्हा बनवू शकतं. सरकारी लसीकरणात ती ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना मिळते. कार्ड आधी तपासा, डोस राहिला असेल तर तो पहिला.

जंतूच्या २३ प्रकारांविरुद्धच्या लसीत नुसतं कवच असतं. प्रकार जास्त, पण स्मृती बनत नाही. २ वर्षांखाली तिचा उपयोग नाही. पीसीव्हीनंतर किमान ८ आठवड्यांनी एक डोस, ५ वर्षांनी दुसरा. एकच निवडायची वेळ आली, तर आमचं मत पीसीव्हीच्या बाजूने.

दोन्ही लसी निर्जीव, म्हणून स्टिरॉइड चालू असतानाही चालतात. तरी सकाळच्या लघवीत सलग ३ दिवस प्रथिन नसताना, स्टिरॉइडचा डोस उतरल्यावर लस दिली तर प्रतिसाद चांगला येतो.

भुसावळच्या मे महिन्यात लस दुकानातून नेताना तिचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहायला हवं. कुपी थेट बर्फाला टेकवू नका, गोठलेली लस वाया जाते.