सोमवारपेटजवळची कॉफीबाग-फेरी: सावलीचा हिशेब समजून घ्यायचा असेल तर जरूर जा

कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, कॉफीच्या बागा दाखवणारे पुष्कळ आहेत. या होमस्टेत मालक स्वतः फिरवतात आणि पैशांबद्दल मोकळेपणाने बोलतात. आमची सावंतवाडीकडे सुपारी-मिरीची बाग आहे, म्हणून मी खोदखोदून विचारलं. त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही.

बागेचा जुना भाग अरेबिका जातीच्या कॉफीचा. वर उंबर, फणस, बेहडा, शिसव, मधल्या थरात पांगारा आणि खाली कॉफी. त्यांनी पाचोळा हाताने बाजूला सारला, तर काळी भुसभुशीत माती आणि कॉफीची बारीक मुळं अगदी वरवर पसरलेली. सावली गेली की ही माती तापते. उन्हात उघड्या पडलेल्या खोडांत खोडकिडा शिरतो आणि लागलेलं झाड उपटून जाळावं लागतं.

रस्त्यापलीकडची बाग सगळी सिल्व्हर ओकची, प्रत्येक खोडावर मिरवेल. मूळ ऑस्ट्रेलियाचं हे झाड भराभर वाढतं, मिरीचं उत्पन्न देतं आणि तोडून विकायलाही फारशी आडकाठी नाही. शिसवीचं तसं नाही. कोडगूत बऱ्याच जमिनींवर जुन्या देशी झाडांचा हक्क सरकारकडेच राहिलाय. ज्या झाडाने पिढ्यान्‌पिढ्या बाग राखली, त्याच्या लाकडाचा मालकाला काहीच फायदा नाही. म्हणून इथे जंगल एका दमात तुटत नाही. एक देशी झाड पडतं, त्या जागी ओक लागतो, पुढच्या वर्षी आणखी एक.

त्यात २०२४ मध्ये रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचे भाव विक्रमी चढले. रोबस्टाला सावली कमी चालते, फुलोऱ्याच्या आधी तुषार सिंचन केलं की पीक भरघोस येतं. देशाच्या कॉफीत सुमारे ७० टक्के आज रोबस्टाच आहे. बागाईतदाराला दोष कसा द्यायचा? या डोंगरांचं पाणी कावेरीला मिळतं, ते बंगळूर पितं, आणि झाडं राखल्याने बुडालेलं उत्पन्न मात्र त्याने एकट्याने सोसायचं! मला हे फार अन्यायाचं वाटतं.

त्यामुळे इथली अरेबिका पाव किलो ४८० रुपयांना घेताना मी घासाघीस केली नाही. चवीला सौम्य, हलकी आंबूस, बिनदुधाचीही छान लागते. तक्रार एकच. पाकिटावर नुसतं ‘शेड ग्रोन’, म्हणजे सावलीत पिकवलेली, असं लिहिलंय. भारतातली जवळजवळ सगळी कॉफी सावलीतच होते, ओकच्याही सावलीत. बागेत कोणती देशी झाडं आहेत ते छापा, लोक ते वाचून पैसे मोजतील. मालकांनाही हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

पाचपैकी साडेचार. पावसाळ्यात जळवा फार असतात, डिसेंबरात जा, अरेबिकाची तोडणी बघायला मिळते. शाकाहारी असाल तर आधी कळवा. अक्की ओट्टी या तांदळाच्या गरम भाकरीबरोबर वेगळी भाजी करून देतात. फेरीचे पैसे वेगळे पडतात, ते आनंदाने द्या.